सात नग

भिंती कमरेइतक्या आल्या होत्या
तेव्हाच आम्ही खिडक्या बघायला निघालो.
बेसाला प्लॉट, पंधराशे फूट, कर्ज वीस वर्षांचं,
आणि माझी एकच अट :
खिडकी अशी हवी, जी उघडी ठेवून झोपता येईल.

दिवाकर म्हणाले, असं काही नसतं.

दत्तवाडीच्या भाड्याच्या घरात
दोन गज कापून कुणी आत आलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यात.
कूलरच्या आवाजात करवत ऐकू आली नाही.
नेलं काय, तर एक घड्याळ, मिक्सरचं भांडं
आणि डब्यातले साडेतीनशे रुपये.
जाताना माठातलं पाणी प्याला
आणि पेला धुऊन पालथा घालून गेला.
चोराचं सोडा,
मला त्या पेल्याची अजून भीती वाटते.

लकडगंजात सागवान पाहिलं.
वास असा, की भाव विचारायची लाज वाटावी.
विचारला. मग खरंच वाटली.
ॲल्युमिनियमची सरकती पाहिली, तर मनस्वीनं
दोन बोटांनी उचलून ती रुळावरून उतरवली
आणि दुकानदाराकडे बघत राहिली.

मग वाडीच्या गोदामात, खुशालानींकडे :
तुर्कस्तानचा माल, कुणा बिल्डरनं मागवलेला,
कंटेनर आला तेव्हा न उचललेला.
सात नग. घ्यायचे तर सातही.
त्यांनी पोराकडून हातोडी मागवली. वहिनी, मारा.
सॅम्पलच्या काचेवर आधीच्या गिऱ्हाइकांची जाळी होती,
तिच्यात माझं एक जाळं वाढलं.
काच जागची हलली नाही.

मूठ खाली : बंद, चौकटीत आठ खुंट्या.
मूठ आडवी : दारासारखी उघडी.
मूठ वर : खिडकी वरून चार बोटं आत कलते,
कमी ऐकू येणाऱ्या माणसानं
कान पुढे करावा तशी.
वारा येईल. हात येणार नाही.

दिवाकरांनी पाकिटामागे हिशेब मांडला.
सागवानाच्या निम्म्यात,
ॲल्युमिनियमहून अकरा हजार जास्त.
ते अकरा हजार त्यांनी दोनदा लिहिले,
मग पेनाला टोपण लावलं.

यादोराव मिस्त्री टेप धरून हसले.
"बाई, जागा चारची ठेवली आपण, हे तं साडेचारचं हाय."
म्हटलं, मग भिंत कमी करा.
"लोकं घराले खिडकी लावते,
तुम्ही खिडकीले घर लावून राहिल्या."
आणि मग तो प्रश्न, जो तिकडच्या कारखान्यात
कुणाला सुचला नसेल :
"आन् कूलर कुठं लावसान?"

खिडकी उघडते आत. कूलर बसतो खिडकीत.
विटांच्या ढिगावर आम्ही तिघं गप्प.
चहा आला. चहा संपला.
शेवटी बाजूच्या भिंतीत
दोन बाय दोनचं वेगळं भोक ठेवलं,
त्याला मात्र लोखंडी जाळी, वेल्डिंग करून,
कारण सासूबाईंच्या मते
जाळी नसलेलं घर बोळकं दिसतं.

काचेवरचं स्टिकर अजून काढलेलं नाही.
भाषा कुणाला येत नाही.
मनस्वी म्हणते, लिहिलंय : उन्हापासून जपा.
बाहेर सत्तेचाळीस.

पहिल्या रात्री मूठ वर केली.
लांबून रिंग रोडचे ट्रक,
कुणाच्या तरी अंगणात बादली भरत असलेली,
ओल्या वाळ्याचा वास.
दिवाकर दहाव्या मिनिटाला घोरू लागले.
मी दोनदा उठले.
एकदा मूठ बघायला.
एकदा पाणी प्यायला.
पेला धुतला,
आणि उताणाच ठेवला.